महामारीत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचे पेशंट खरंच कमी झाले होते का?

गंगापूररोडकर

नाशिकच्या सिंहस्थ २०२७ च्या आरोग्य नियोजनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "२०२० मध्ये हार्टचे पेशंट कितीतरी कमी झाले होते. साथ आली की ते बेड आपोआप मोकळे होतात." हे वाक्य कुठल्या आराखड्यात शिरलं तर माणसं मरतील. म्हणून हा धागा.

आकडे खरे आहेत. इंग्लंडमध्ये २०१९ साली तीव्र हृदयविकाराने आठवड्याला सरासरी ३०१७ लोक दाखल होत. मार्च २०२० अखेर ते १८१३ वर आले, म्हणजे ४० टक्के घट. उत्तर इटलीतल्या १५ रुग्णालयांत मिळून रोजचे १८-१९ पेशंट १३ वर आले. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या रुग्णालयसमूहात घट ४८ टक्क्यांपर्यंत गेली. अमेरिकेत पक्षाघाताच्या पेशंटचे स्कॅन तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा वापर ३९ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे कार्डिऑलॉजिकल सोसायटीने १८७ रुग्णालयांची माहिती गोळा केली, तिथेही लॉकडाऊनमध्ये साधारण एक तृतीयांश घट दिसली.

दोन प्रश्न आहेत. आजार कमी झाला होता, की माणसं आली नाहीत? आणि सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत पसरलेल्या आपल्या जिल्ह्यात पुढच्या साथीत कुठली सेवा एक दिवसही बंद पडता कामा नये? या कामातली मंडळी इथे आहेत, त्यांनी तपशिलात लिहावं.

चिकित्सक

काही घट खरीही असू शकते. सातपूर-अंबडचे कारखाने बंद, मुंबई-आग्रा रस्त्यावर धूर नाही, धावपळ नाही, बाहेरचं खाणं नाही. हवेतले सूक्ष्म कण आणि हृदयविकार यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. सगळी घट भीतीच्या खात्यावर टाकणं घाईचं होईल.

मिसळप्रेमी

बाहेरचं खाणं म्हणताना मिसळीकडे बोट दाखवू नका! बाकी वाचतोय.

हृदयस्थ

चिकित्सक, प्रदूषणाचा मुद्दा मान्य, पण त्याने ४० टक्के घट होत नाही. इंग्लंडच्या आकड्यांची वेळ पाहा. तिथे लॉकडाऊन २३ मार्चला लागलं. पेशंट त्याआधीच कमी व्हायला लागले होते. मे अखेरीस आकडा आठवड्याला अडीच हजारांच्या वर गेला. रस्ते तेव्हाही पूर्वीसारखे वाहत नव्हते. हवा हे कारण असतं तर चढउतार रहदारीच्या मागे गेला असता. तो गेला बातम्यांच्या मागे.

दुसरा पुरावा इटलीतलाच. लोदी, क्रेमोना, पाविया आणि मांतोवा या चार प्रांतांत फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या. यातल्या बऱ्याच जणांना कोविड होता किंवा तसा संशय होता, हे खरं. तरीही त्याच भागात रुग्णालयातले अटॅक कमी आणि घरातले मृत्यू जास्त, ही जोडी बोलकी आहे.

तिसरी गोष्ट नियोजनाला सगळ्यात महत्त्वाची. श्वसनाचा विषाणू स्वतःच अटॅक आणतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओचा अभ्यास २०१८ चा, म्हणजे कोविडच्या आधीचा: फ्लूचं निदान पक्कं झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता सुमारे ६ पट. स्वीडनमध्ये कोविडनंतरच्या पहिल्या आठवड्यांत अटॅक आणि पक्षाघात दोन्हींची जोखीम कित्येक पटींनी वाढलेली आढळली. ताप आला की नाडी वाढते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि धमनीतला चरबीचा थर सुजून फुटायला सोपा होतो. म्हणजे साथीत या पेशंटची गरज वाढते, आणि ते दारात मात्र कमी दिसतात.

न्यूरॉन

पक्षाघाताच्या बाजूने. घट सगळ्या पेशंटमध्ये सारखी नव्हती. सौम्य झटके आणि काही मिनिटांत आपोआप बरे होणारे तात्पुरते झटके यांची संख्या सर्वांत जास्त घसरली. अर्धं अंग पूर्ण गेलेला माणूस घरचे उचलून आणतातच. हात जरासा जड झाला, जीभ दहा मिनिटं अडखळली आणि मग ठीक झालं, तो पेशंट घरी थांबतो. वाचवता येण्यासारखा तोच असतो, कारण तात्पुरत्या झटक्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो.

मेंदूची मोठी धमनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहावा भाग आधी एकदम आणि उरलेलं तासाभरात. देण्याआधी सीटीत रक्तस्राव नाही याची खात्री, रक्तातली साखर तपासलेली, बीपी १८५/११० च्या खाली. गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपाय सहा तासांपर्यंत, निवडक पेशंटमध्ये स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत.

मेख कुठे बसते? सीटी मशीनवर. साथीत तेच मशीन छातीच्या एचआरसीटीच्या (फुप्फुसाच्या बारकाव्याच्या स्कॅनच्या) रांगेत अडकतं आणि प्रत्येक संशयितानंतर पुसायला वेळ जातो. पक्षाघाताचा पेशंट आला की रांग थांबली पाहिजे, हा नियम लेखी असावा आणि दारावर लावलेला असावा. तिथल्या तंत्रज्ञाला रात्री दोन वाजता कुणाची परवानगी मागायची वेळ येऊ नये.

औषधवाली

न्यूरॉन, एक भर. दाखल होण्याच्या कितीतरी आधी औषधाच्या दुकानात काय होतं, ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातल्या बीपीच्या गोळ्यांमुळे कोविड बळावतो अशी अफवा होती. जगभरच्या हृदयरोग संघटनांनी गोळ्या बंद करू नका असं तेव्हाच सांगितलं होतं, पण अफवेचा वेग जास्त. स्टेंट टाकलेल्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलपैकी काहीही सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती साध्या अटॅकपेक्षा घातक असते.

सगळ्यात जास्त काळजी अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची. सांधेतापाने झडपा खराब झालेले, झडप बदललेले. यांना आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचा आकडा) तपासावाच लागतो. हृदयाची लय बिघडलेल्यांत बहुधा २ ते ३, मायट्रल जागेवर धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. लॅब बंद, एसटी बंद, म्हणजे तपासणी नाही. आयएनआर खाली गेला की मेंदूत गुठळी, वर गेला की मेंदूत रक्तस्राव. त्यामुळे या गटाची तालुकावार यादी आशाताईंकडे असावी, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं छोटं यंत्र ग्रामीण रुग्णालयात ठेवावं.

पायलट१०८

औषधवालीताईंच्या यादीला अनुमोदन. आता रस्त्याचं. १०८ सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि गाड्या दोन प्रकारच्या असतात: साधी आणि प्रगत. साथीत गाड्यांची संख्या तीच राहते, पण प्रत्येक फेरी लांबते. निघण्याआधी पीपीई किट (अंगभर संरक्षक पोशाख) चढवणं, पेशंट सोडल्यावर किट काळजीपूर्वक उतरवणं, आतला प्रत्येक पृष्ठभाग पुसणं, गाडी हवेशीर करणं. त्यात रुग्णालयाच्या दारात "आधी टेस्ट दाखवा" म्हणून थांबवलं तर तीच गाडी पुढच्या कॉलला नसते.

कॉल करणाऱ्याने पहिल्या वाक्यात काय बोलावं, यावर बरंच अवलंबून आहे. "तब्येत बिघडली" म्हटलं की प्रश्नोत्तरं वाढतात. "छातीत दाब, घाम, वीस मिनिटं झाली" किंवा "तोंड वाकडं, उजवा हात उचलत नाही, साडेसातला ठीक होते" असं सांगा. ताप-खोकला असेल तर तोही सांगा. लपवला तर गाडीतली माणसं तयारीशिवाय येतात आणि दारात वेळ जातो.

लीड_टू

ईसीजीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, हा नियम साथीतही तोच. कोविड कक्षासाठी मशीन वेगळं ठेवा, चाकावर फिरवत एका कक्षातून दुसऱ्यात नेऊ नका. छातीला लावायचे रबरी फुगे टाळा, चिकटपट्टीचे एकदा वापरायचे इलेक्ट्रोड घ्या. क्लॅम्प ७० टक्के स्पिरिटने पुसा. हायपोक्लोराइटने धातू गंजतो आणि मग रेघ थरथरते.

दुहेरी हातमोजे आणि वाफ धरलेला चष्मा असला की वायरी उलट लागतात. डावा-उजवा हात बदलला तर लीड वन या ईसीजीच्या पहिल्या रेघेतली सगळी टोकं उलटी पडतात. ते दिसलं की आधी वायर तपासा, मग निदान. लीड टू, थ्री आणि एव्हीएफ मध्ये एसटी (ठोक्याच्या मोठ्या टोकानंतरचा रेघेचा भाग) उचललेली दिसली तर छातीवरचा व्ही-फोर उजव्या बाजूला लावून आणखी एक पट्टी काढा. उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर सॉर्बिट्रेट (जिभेखालची गोळी) दिल्यावर बीपी धाडकन पडतं. व्ही-वन ते व्ही-थ्री मध्ये एसटी खाली असेल तर पाठीवर व्ही-सेव्हन ते व्ही-नाइन. किटमध्ये घामाघूम झाल्यावर हीच जादा पट्टी सगळ्यात आधी गाळली जाते.

चिकित्सक

हृदयस्थ, इंग्लंडच्या वेळेचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी हवेचा थोडा वाटा असेलच, यावर मी ठाम आहे. एक विचारतो: उशिरा आलेल्यांचं काय झालं, याचे आकडे आहेत का? नुसतं "आले नाहीत" यावरून हानी ठरत नाही.

हृदयस्थ

आहेत. हाँगकाँगमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये लक्षण सुरू झाल्यापासून डॉक्टरपर्यंत पोचायला मधला आकडा ३१८ मिनिटं. आधीच्या वर्षी ८२. पेशंट फक्त ७ होते, म्हणून त्यावर एकट्यावर भार टाकत नाही. इटलीच्या देशव्यापी पाहणीत मोठ्या (धमनी पूर्ण बंद पडलेल्या) अटॅकमधला मृत्युदर ४.१ वरून १३.७ टक्क्यांवर गेला. इंग्लंडमध्ये मोठे अटॅक २३ टक्क्यांनी आणि त्यामानाने सौम्य अटॅक ४२ टक्क्यांनी घटले. न्यूरॉन यांनी पक्षाघाताबद्दल जे सांगितलं, तेच हृदयात.

उशीर झाला की काय होतं? हृदयाचा स्नायू मरतो, मऊ पडतो. पहिल्या २४ तासांत किंवा मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडतं किंवा झडपेची दोरी तुटते. अँजिओप्लास्टीच्या काळात ही गुंतागुंत दुर्मिळ झाली होती. वाचला तरी कमजोर हृदय घेऊन जगतो, जिना चढताना धाप लागते, आणि पुढे वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या.

सावळघाट

मालेगावचं कुणीतरी लिहायला हवं होतं. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या दफनांची संख्या आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या जवळपास दुप्पट झाल्याच्या बातम्या होत्या, आणि त्या काळात बरेच खाजगी दवाखाने बंद होते. नोंदवलेले कोविड मृत्यू त्यामानाने थोडे होते. त्या फरकात कोण होतं, हे गंगापूररोडकरांच्या पहिल्या प्रश्नाचं आपल्या जिल्ह्यातलं उत्तर आहे.

आता डोंगराकडचं. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर, पेठहून त्याहून कमी पण मध्ये कोटंबी आणि सावळघाट. दारात आल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी, हे शहराचं मोजमाप. डोंगरात पहिला उपाय गुठळी विरघळवणारं इंजेक्शनच, साथ असो वा नसो. इंजेक्शन तालुक्यात द्यायचं आणि मग पेशंट शहरात आणायचा. तामिळनाडूने ही साखळी बांधून दाखवली: लहान रुग्णालयं मोठ्या केंद्राला जोडली, ईसीजी दुरून वाचला, आणि वर्षभरातला मृत्युदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला.

हे इंजेक्शन म्हणजे टेनेक्टेप्लेज. त्याचा डोस वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोला ५ ने वाढवत ९० च्या वर ५०. वय ७५ च्या पुढे असेल तर निम्मा. पाच-दहा सेकंदांत एकदम. शिरेत आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर सलाईनने नळी धुऊन घ्या, नाहीतर औषध तिथेच साकळतं. सोबत अ‍ॅस्पिरिन ३०० चावून, क्लोपिडोग्रेल ३०० (७५ वर्षांपुढे ७५), आणि हेपॅरिन किंवा एनॉक्झापॅरिन (रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं). देण्याआधी विचारायचं: पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे पक्षाघात किंवा डोक्याला मार, कुठून रक्त जातंय का, बीपी १८०/११० च्या वर आहे का. हे कागदावर छापलेलं असावं, आठवणीवर नको. लक्षण सुरू होऊन १२ तास उलटले की फायदा फार उरत नाही.

६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्याने खाली आली नाही तर गाडी ताबडतोब शहराकडे. खरं तर गाडी इंजेक्शनबरोबरच बोलवावी. घाटात तासभर जाणारच आहे. एसटी उतरली तरी ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी.

साठ्याचं भान ठेवा. एनॉक्झापॅरिन कोविडच्या पेशंटलाही देतात. लाट आली की हृदयासाठीचा साठा तिकडे वळतो. तेवढी इंजेक्शनं वेगळ्या कपाटात, वेगळ्या नोंदवहीत.

हृदयस्थ

सावळघाट, उत्तम लिहिलंत. एक सावधगिरी जोडतो. २०२० मध्ये चीनमधून आणि आपल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीकडूनही साथीत इंजेक्शनला प्राधान्य द्या असा सल्ला होता, कारण कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टीच्या खोलीत) किट चढवणं आणि नंतरची स्वच्छता यात वेळ जातो. पण कोविड असलेल्या पेशंटचा ईसीजी फसवतो. इटलीतल्या २८ कोविड पेशंटपैकी ११ जणांत ईसीजी मोठ्या अटॅकचा, पण अँजिओग्राफीत दोषी धमनी सापडलीच नाही. स्नायूची सूज होती किंवा ताणाने हृदय ढिलं पडलं होतं. अशांना गुठळीचं इंजेक्शन म्हणजे फायद्याविना रक्तस्रावाची जोखीम. ताप-खोकला असेल आणि दुखण्याची तऱ्हा वेगळी असेल तर दोन मिनिटांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. धमनीच्या हद्दीप्रमाणे भिंत बंद पडलीय की सगळं हृदयच सुस्त आहे, हे कळतं. शहरात मात्र अँजिओप्लास्टीच पहिली. कॅथलॅबचा रस्ता आणि लिफ्ट कोविड कक्षापासून वेगळी ठेवा आणि टेस्टच्या रिपोर्टची वाट पाहू नका. प्रत्येक पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरून काम करा.

निफाडची थंडी

थोडं अवांतर. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत असतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, आणि फ्लूची एक लाटही त्याच सुमारास. साथीची लाट हिवाळ्यात आली तर दोन्ही एकदम. साठा दिवाळीआधी भरावा, एवढंच.

मिसळप्रेमी

एक प्रामाणिक प्रश्न. तिखट खाल्ल्यावरची जळजळ आणि अटॅक यात घरच्यांनी फरक करायचा कसा? २०२० मध्ये लोक घरीच अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन बसले, ते याच गोंधळामुळे ना?

हृदयस्थ

हो, बहुतांशी. घरी खात्रीने फरक करता येत नाही, म्हणून करायला जाऊच नये. दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, जबड्यात, पाठीत किंवा हातात जाणारं दुखणं, घाम, धाप, मळमळ. यातलं काही १५ ते २० मिनिटं टिकलं की ईसीजी. मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांत दुखणं नसतंही, नुसती धाप आणि गळून जाणं असतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल तर ३०० ची साधी गोळी चावून. सॉर्बिट्रेट मनाने देऊ नका. बीपी ९० च्या खाली असेल किंवा माणसाने आदल्या दिवसात सिल्डेनाफिल घेतलं असेल तर ती गोळी जीव घेऊ शकते.

न्यूरॉन

आणि अ‍ॅस्पिरिन फक्त छातीसाठी. तोंड वाकडं झालं, हात पडला तर सीटीआधी अ‍ॅस्पिरिन नाही, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे बाहेरून कळत नाही. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली निफेडिपिन फोडू नका; मेंदूच्या काठावर तग धरून असलेला भाग त्याने मरतो. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंतचं बीपी आम्ही पहिल्या दिवशी तसंच सोडतो. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळणं, लकव्याच्या जडीबुटीवाल्याकडे नेणं यात ते साडेचार तास संपतात. रस्ते बंद आणि रुग्णालयाची भीती असली की लोक तिकडे जास्त वळतात.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, कारण मोजणीचा धडा राहिला. दाखल झालेल्यांचा आकडा एकटा कुठल्याच आराखड्यात जाऊ नये. त्याच्या शेजारी दर आठवड्याचे एकूण मृत्यू हवेत, घरी आणि रुग्णालयात असे वेगळे. जन्म-मृत्यू नोंद २१ दिवसांत होते, पण घरच्या मृत्यूचं कारण लिहिताना डॉक्टर "हृदयक्रिया बंद पडून" असं लिहितात. ते सगळ्यांचंच होतं, ते कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म चार-ए वर, त्याआधीची साखळी लिहायची असते: छातीत दुखणं केव्हापासून, आधीचा बीपी-मधुमेह, ताप होता का. तेवढं भरलं गेलं तर पुढच्या वेळी दोन आठवड्यांत कळेल की घट कुठली आहे.

सिंहस्थासाठी कुणी पर्वणीच्या दिवसांचा विचार केलाय का? रस्ते तेव्हा साथ नसतानाही बंद असतात.

पायलट१०८

केला पाहिजे. पर्वणीला शालिमार, द्वारका, पंचवटी भागात वाहनबंदी असते आणि सरकारी हृदयोपचाराचं संदर्भ सेवा रुग्णालय शालिमारलाच आहे. पेठ-दिंडोरीकडून येणारी गाडी गर्दीत शिरायला नको. तिला कुठल्या रस्त्याने कुठल्या कॅथलॅबला न्यायचं, हे आदल्या महिन्यात ठरवून प्रत्येक चालकाकडे नकाशा द्यावा. आडगाव, घोटी ही बाहेरची टोकंही हिशेबात धरावीत. स्नानाच्या घाटाजवळ गोल्फकार्ट किंवा स्ट्रेचरची माणसं, दर ठिकाणी डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), आणि त्या बूथवर ईसीजी काढून मोबाइलने हृदयरोगतज्ज्ञाला पाठवण्याची सोय. पोलिसांच्या वायरलेसवर "हृदय" आणि "मेंदू" असे दोन सांकेतिक शब्द आधीच ठरवले तर बॅरिकेड उघडायला स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

लीड_टू

त्या बूथवर कागदाचे रोल आणि चिकट इलेक्ट्रोड दुप्पट ठेवा. ओल्या अंगावर ते टिकत नाहीत. स्नान करून आलेल्याची छाती आधी कोरडी पुसा, केस असतील तर तेवढी जागा रेझरने साफ करा. रेझरही यादीत लिहा, तो नेहमी राहतो.